डॉर्सेटच्या एका लहान पॅरिशमध्ये अडलेली वंशावळ : पुढचा शोध कसा घ्यावा?

नौपाडेकर आजी (ठाणे)

नमस्कार मंडळी,

माझ्या नातीसाठी मी दोन्ही घराण्यांची वंशावळ मराठीत लिहून काढते आहे. आमच्या बाजूचे काम बरेचसे मार्गी लागले आहे, कारण त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या घरातील नावे पिढ्यान्‌पिढ्या उतरवलेली आहेत आणि गावाकडच्या जमिनीचे जुने फेरफार चुलतभावाने जपून ठेवले आहेत. अडचण आहे ती जावयांच्या बाजूची. त्यांचे घराणे इंग्लंडच्या डॉर्सेट काउंटीतले, एका अगदी लहान खेड्यातले. एक चर्च, चार-दोन मोठी शेते आणि मजुरांची घरे, एवढाच त्या पॅरिशचा (एका चर्चच्या हद्दीत येणाऱ्या गावाचा) पसारा. घराण्यात कोणी जमीनदार नाही, पाद्री नाही, सैन्यात मोठा अधिकारी झालेला नाही. सगळे पिढीजात शेतमजूर. आमच्याकडचे काही जण म्हणतात की मजुरांचा कसला आला आहे इतिहास, नावे लिही आणि सोडून दे. मला ते मुळीच पटत नाही. नातीच्या अंगात जितके रक्त आमचे आहे तितकेच त्या मजुरांचेही आहे.

विहीणबाईंनी १९११ च्या जनगणनेच्या कागदाची प्रत पाठवली आहे. हा कागद कुटुंबप्रमुखाने स्वतः भरायचा होता, त्यामुळे त्यावर जावयांच्या पणजोबांचे हस्ताक्षर आहे. ते शेतावर घोडागाडी हाकत असत. पणजीच्या नावापुढच्या रकान्यांत जिवंत जन्मलेली मुले ९, हयात ६, मृत ३ असे आकडे आहेत. हयात सहांची नावे घरात सर्वांना ठाऊक आहेत. उरलेल्या तिघांची नावे कुणालाच माहीत नाहीत, विहीणबाईंनाही नाहीत. वंशावळीत त्या तिघांच्या जागी नुसता आकडा लिहायचे माझ्या जिवावर येते.

दुसरा प्रश्न आणखी मागच्या पिढीचा आहे. १८५१ च्या जनगणनेत या पणजोबांचे वडील ११ वर्षांचा मुलगा म्हणून सापडतात आणि त्यांच्या वडिलांचे वय ४१, व्यवसाय शेतमजुरी, जन्मस्थान शेजारचे पॅरिश असे लिहिले आहे. त्या शेजारच्या पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत १८०५ ते १८१५ या काळात त्यांचे नाव मिळत नाही. इथून पुढे कसे जावे? जाणकारांनी कृपया मार्ग सांगावा.

दप्तरवाला (पाचपाखाडी)

आजी, तुमचे दोन्ही प्रश्न वेगवेगळ्या काळातले आहेत, म्हणून त्यांची उत्तरेही वेगळी ठेवतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. त्यापूर्वीचा मुख्य आधार म्हणजे पॅरिशच्या चर्चमधील नोंदवही, जी ठेवण्याचा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढला होता. तुमची तीन लेकरे सरकारी नोंदणीच्या काळातली आहेत, तर त्या मजुराचा बाप्तिस्मा चर्चच्या वहीच्या काळातला आहे.

आधी लेकरांचे पाहू. १९११ च्या त्या रकान्यात चालू विवाहातून जिवंत जन्मलेल्या मुलांचीच संख्या विचारलेली होती. त्यामुळे त्या तिघांचा जन्म आणि मृत्यू हे दोन्ही सरकारी वहीत असायला हवेत. १८७४ च्या कायद्यानंतर नोंदणी टाळणाऱ्याला दंड होऊ लागला होता, म्हणून त्यानंतरच्या काळात नोंद राहून जाण्याचा संभव फार कमी. जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर खाते उघडले की जन्म आणि मृत्यूची सूची विनामूल्य पाहता येते आणि तिची मोठी सोय अशी की जन्माच्या नोंदीपुढे आईचे माहेरचे आडनाव दिलेले असते. पणजीचे माहेरचे आडनाव विहीणबाईंकडून घ्या. मग वडिलांचे आडनाव, आईचे माहेरचे आडनाव आणि नोंदणीचा जिल्हा या तिन्हींवर लग्नाच्या वर्षापासून १९११ पर्यंत शोध घ्या. एका वेळी दिलेल्या वर्षाच्या मागची-पुढची दोन-दोन वर्षेच पाहता येतात आणि मुलगे व मुली यांचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा लागतो, म्हणून हे काम थोडे चिकाटीचे आहे. मिळालेल्या यादीतून हयात सहा नावे वजा केली की जी उरतील ती तुमची संभाव्य मुले. तीच नावे मृत्यूच्या सूचीत ताडून पाहा. फक्त एक सावधगिरी बाळगा : तान्ह्या मुलाचे महिन्यांतले वय सूचीत काही वेळा वर्षांत उतरलेले दिसते, त्यामुळे ८ महिन्यांचे बाळ ८ वर्षांचे भासू शकते.

जिल्हा एकच धरून बसू नका, हे मुद्दाम सांगतो. डॉर्सेटमधील शेतमजुरांचे करार बहुधा वर्षाचे असत, राहते घर मालकाचे असे, आणि करार संपला की ६ एप्रिलच्या सुमारास, ज्याला तिथे जुना लेडी डे म्हणत, अख्खे कुटुंब सामान गाडीत घालून दुसऱ्या शेतावर जाई. १९११ च्या कागदात हयात मुलांच्या जन्मस्थानांचा रकाना नीट वाचा. त्यांत वेगवेगळी गावे असतील, तर कोणत्या वर्षी कुटुंब कुठे होते याचा क्रम त्यावरून लागेल आणि मेलेल्या मुलांची नोंद कोणत्या जिल्ह्यात शोधायची हेही कळेल.

आता बाप्तिस्मा. १८१३ पासून छापील वह्या आल्या. त्यांत बाप्तिस्म्याच्या एका पानावर आठ नोंदी असत आणि राहण्याचे ठिकाण व वडिलांचा व्यवसाय यांना स्वतंत्र रकाने होते. तुमचा मजूर १८१० च्या आसपासचा, म्हणजे त्याआधीच्या हाताने लिहिलेल्या वहीतला, जिथे बहुतेक वेळा मुलाचे आणि आईबापांचे नाव यापलीकडे काही नसते. नोंद सापडली नाही याची कारणे अनेक असू शकतात. आडनावाचे स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून होते. कित्येक कुटुंबे दोन-तीन मुलांचा बाप्तिस्मा एकदम उरकत, त्यामुळे १८१० मध्ये जन्मलेला मुलगा १८१७ च्या पानावर मिळू शकतो. पहिल्या बाळंतपणाला बाई माहेरी जाई, म्हणून आईच्या गावाची वहीही पाहावी. कुटुंब मेथडिस्ट, म्हणजे सरकारी चर्चबाहेरच्या पंथाचे, असेल तर बाप्तिस्मा त्या पंथाच्या प्रार्थनाघरात (चॅपेलमध्ये) झालेला असेल, आणि १८३७ पूर्वीच्या अशा पुष्कळ वह्या आता लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मूळ वहीचे पान फाटलेले असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवली जाणारी नक्कल कामी येते. ही पद्धत १५९८ पासूनची आहे. डॉर्सेट १८३६ पर्यंत ब्रिस्टलच्या बिशपकडे होते आणि नंतर सॅलिसबरीकडे गेले, हे नकला शोधताना ध्यानात असू द्या.

आणि १८६१ व १८७१ च्या जनगणनेत त्याच माणसाने जन्मस्थान काय सांगितले आहे ते आधी पाहा. दहा वर्षांनी वेगळे गाव सांगितलेले आढळणे मुळीच दुर्मीळ नाही.

कळव्याचा वाचक

दप्तरवाला यांनी नोंदवह्यांविषयी सांगितले ते अचूक आहे, पण मला आजींच्या नातेवाइकांच्या त्या वाक्याला उत्तर द्यावेसे वाटते. मजुरांचा इतिहास नसतो हे इंग्लंडच्या पॅरिशपुरते तरी खरे नाही. उलट मध्यम स्थितीतल्या शेतकऱ्यापेक्षा गरीब मजुराबद्दल अधिक तपशील मिळण्याची शक्यता असते, आणि त्याचे कारण पैसा हे आहे.

१६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी टाकली आणि त्यासाठी गावातल्या घर-जमीनवाल्यांकडून पट्टी वसूल होऊ लागली. साहजिकच बाहेरून आलेला माणूस उद्या आजारी पडला तर त्याला कोणी पोसायचे, यावरून पॅरिशा-पॅरिशांत भांडणे सुरू झाली. १६६२ च्या कायद्याने ठरवले की प्रत्येकाचे एक हक्काचे पॅरिश असेल आणि मदत त्याने तिथेच मागायची. हा हक्क बायकोला नवऱ्याकडून आणि औरस मुलाला बापाकडून मिळे. अविवाहित माणसाने पूर्ण वर्षभर एका मालकाकडे चाकरी केली, कोणी कारागिराच्या हाताखाली शिकाऊ म्हणून उमेदवारी केली किंवा वर्षाला १० पौंड भाड्याची जागा घेतली, तर त्याला नवा हक्क मिळे. वर्षाची चाकरी पुरी होऊन हक्क लागू होऊ नये म्हणून काही ठिकाणी मालक ५१ आठवड्यांवरच गड्याला रजा देत.

अशा माणसाने मदत मागितली की दोन न्यायाधीशांपुढे शपथेवर त्याची जबानी होई : जन्म कुठे झाला, बाप कुठला, कोणत्या वयात कोणाच्या शेतावर राहिला, मजुरी किती होती, लग्न कुठे झाले, मुले किती आणि त्यांची वये काय. कारकुनाने हे सारे उतरवून घ्यायचे आणि खाली त्या माणसाने सही करायची, सही येत नसेल तर फुली मारायची. लिहिता न येणाऱ्या माणसाचे स्वतःच्या तोंडचे चरित्र असे दुसरीकडे कुठे मिळणार? आजी, तुमचा मजूर एका पॅरिशमध्ये जन्मला आणि दुसऱ्यात राहत होता, म्हणजे अशा जबानीची किंवा परत पाठवणीच्या (त्याला हक्काच्या पॅरिशकडे धाडण्याच्या) हुकुमाची शक्यता त्याच्या बाबतीत नक्कीच आहे. शोध दोन्ही पॅरिशच्या कागदांत घ्या, कारण एकाने हुकूम काढला तर त्याची प्रत दुसऱ्याकडे गेलेली असते.

गरिबांच्या मदतीचा हिशेब ठेवणाऱ्या ओव्हरसीअरच्या वह्याही जरूर पाहा. अमक्याच्या मुलाला बुटांचा जोड, तमक्या विधवेला सरपण, बाळंतपणासाठी सुईणीचे पैसे, शवपेटीचे पैसे, अशा नोंदी त्यांत तारखेनिशी आणि रकमेनिशी असतात. १८३४ च्या कायद्याने हे काम पॅरिशकडून काढून अनेक पॅरिशच्या मिळून केलेल्या युनियनकडे आणि तिच्या वर्कहाऊसकडे (गरिबांना ठेवून काम करवून घेणाऱ्या घराकडे) दिले, त्यामुळे पुढचे कागद युनियनच्या नावाने शोधावे लागतात.

त्याच १८३४ चा संदर्भ तुमच्या वंशावळीत यावा असे मला मनापासून वाटते. डॉर्सेटच्या टॉलपडल नावाच्या लहानशा पॅरिशमधील शेतमजुरांची मजुरी आठवड्याला ९ शिलिंगांवरून उतरत ७ वर आली होती आणि ती ६ करण्याची भाषा चालू होती. तेव्हा त्यांनी आपली संघटना बांधली. संघटना करणे हा गुन्हा नव्हता, म्हणून बेकायदा शपथ घेतल्याचा आरोप ठेवून जॉर्ज लव्हलेस आणि त्याच्या पाच साथीदारांना सात वर्षे ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्याची शिक्षा दिली गेली. लोकांनी प्रचंड चळवळ केली आणि १८३६ मध्ये सरकारला माफी द्यावी लागली. परतल्यावर पाच जण पुढे कॅनडात स्थायिक झाले. एकटा जेम्स हॅमेट टॉलपडलला राहिला आणि १८९१ मध्ये डॉर्चेस्टरच्या वर्कहाऊसमध्ये वारला. तुमच्या जावयांचा पूर्वज त्या वेळी चोविशी-पंचविशीचा होता, त्याच काउंटीत, तसाच शेतमजूर म्हणून राबत होता. त्याचे नाव त्या खटल्यात नसेल, पण आठवड्याला सात शिलिंगांत घर कसे चालत असेल हे नातीला सांगायचे तर याहून चांगली जागा नाही.

कोपरखैरणे गावठाण

वरचे वाचून आमच्या गावाची आठवण झाली, म्हणून लिहितो. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा आणि पुढे साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांच्या वेळी आमच्याकडेही प्रत्येक घराला वारस कोण, बहिणी किती, कोण मयत, हे कागदावर मांडावे लागले. माझ्या आजीच्या दोन बहिणींची नावे मला कळली ती वारसनोंदीच्या फेरफारातून; घरात ती कुणी उच्चारलेली मी ऐकली नव्हती. पैसा द्यायची वेळ आली की कागद तयार होतो, हे आम्ही अनुभवले आहे.

माझी भर जमिनीच्या बाजूने आहे. आजी, टाइथ नकाशा जरूर मिळवा. चर्चला धान्यरूपाने द्यायचा दहावा हिस्सा १८३६ च्या कायद्याने रोख आकारात बदलला गेला आणि त्यासाठी इंग्लंड-वेल्समधील बहुसंख्य पॅरिशची मोजणी झाली. नकाशावर प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो आणि सोबतच्या तक्त्यात त्या क्रमांकापुढे मालक, प्रत्यक्ष वहिवाटदार, शेताचे नाव, जमीन नांगरटीची की कुरणाची, क्षेत्र आणि आकार असे रकाने असतात. आपल्या सात-बारा वाचणाऱ्याला तो तक्ता परका वाटत नाही. मजुराच्या नावावर जमीन नसली तरी वहिवाटदाराच्या रकान्यात घर आणि परसबाग म्हणून त्याचे नाव येऊ शकते, म्हणजे तो नेमका कोणत्या घरात राहत होता ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. मोठ्या मालकाने मजुरांची घरे आपल्याच नावाखाली एकत्र दाखवली असतील तर मात्र हे जमणार नाही.

क्षेत्र एकर, रूड आणि पर्च यांत असते. एकराचे ४ रूड आणि रूडाचे ४० पर्च. आपला एकर ४० गुंठ्यांचा, म्हणून एक रूड म्हणजे १० गुंठे आणि ४ पर्च म्हणजे एक गुंठा. घर व बाग २० पर्च असे लिहिले असेल तर ती जागा पाच गुंठ्यांची झाली.

मोडी वाचक (डोंबिवली)

थोडक्यात दोन सूचना करतो. शोध १७५२ च्या मागे गेला तर तारखांकडे लक्ष द्या, कारण तोवर इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलत असे. वहीतला १० फेब्रुवारी १७२० म्हणजे आपल्या हिशेबाने १७२१. जुन्या मराठी कागदांतले शुहूर आणि फसली सन बदलून घेणाऱ्यांना हे जड जाऊ नये. दुसरे असे की सोळाव्या-सतराव्या शतकातले हस्ताक्षर आजच्या इंग्रजीपेक्षा पुष्कळ वेगळे आहे आणि ते मोडीसारखेच सराव करून शिकावे लागते. त्यासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य धडे आहेत.

नौपाडेकर आजी (ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कळव्याच्या वाचकांनी लिहिलेला टॉलपडलचा भाग मी जावयांना फोनवर वाचून दाखवला. ते गाव त्यांच्या घरापासून फार लांब नाही, पण आपला पूर्वज त्याच काळात तशीच शेतमजुरी करत होता हा संबंध त्यांच्याही कधी मनात आला नव्हता.

विहीणबाईंकडून पणजीचे माहेरचे आडनाव मिळाले आणि दप्तरवाला यांनी सांगितल्याप्रमाणे सूची पाहिली. हयात मुलांची जन्मस्थाने खरोखरच तीन निरनिराळ्या पॅरिशमधली निघाली. मेलेल्यांपैकी दोघांची नावे लागली : एक मुलगा, ज्याचा जन्म आणि मृत्यू एकाच तिमाहीत नोंदलेला आहे, आणि एक दोन वर्षांची मुलगी. तिसऱ्या नावाबद्दल मात्र संशय आहे. जन्माच्या सूचीत एक मुलगी मिळते, पण मृत्यूच्या सूचीत त्याच नावाच्या दोन मुली आहेत, दोन्ही शेजारशेजारच्या जिल्ह्यांत आणि वयांत फारसे अंतर नसलेल्या. त्यांतली आपली कोणती हे कसे ठरवावे? आणि पॅरिशचे जुने कागद पाहण्यासाठी कोणाला लिहावे?

दप्तरवाला (पाचपाखाडी)

आजी, दोन्ही मृत्युनोंदींच्या प्रती मागवा. त्याशिवाय निर्णय करू नका. सूचीत फक्त नाव, वय, तिमाही आणि जिल्हा असतो, पण मूळ नोंदीत लहान मुलाच्या व्यवसायाच्या रकान्यात सहसा वडिलांचे नाव आणि त्यांचा व्यवसाय लिहिलेला असतो. मृत्यूची खबर देणाऱ्याचे नावही असते आणि लेकरांच्या बाबतीत ती बहुधा आईच असते. वडील घोडागाडी हाकणारे आणि खबर देणारी पणजी, एवढे जुळले की शंका उरत नाही. त्यानंतर मृत्यूच्या जागेवरून दफनाच्या वहीत तारीख शोधा. बाप्तिस्मा होण्याआधी गेलेल्या बाळाचा दफनविधी प्रार्थनापुस्तकाप्रमाणे होत नसे, त्यामुळे तिमाहीच्या आतच गेलेल्या त्या मुलाची नोंद वहीत न मिळाल्यास नवल मानू नका. सरकारी नोंद पुरेशी आहे.

पॅरिशचे कागद आता बहुतेक चर्चमध्ये नसतात. १९७८ च्या नियमाने शंभर वर्षांपेक्षा जुन्या आणि वापरातून गेलेल्या वह्या काउंटीच्या अभिलेखागारात जमा कराव्या लागल्या. तुमच्यासाठी ते ठिकाण म्हणजे डॉर्चेस्टरचे डॉर्सेट हिस्टरी सेंटर. तेथील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या अँसेस्ट्री या संकेतस्थळावर पाहता येतात, पण जबान्या आणि ओव्हरसीअरच्या वह्यांसाठी केंद्राची सूची वेगळी पाहावी लागते. ईमेलमध्ये घराण्याची सगळी हकीकत लिहू नका. दोन्ही पॅरिशची नावे, मजुराचे नाव स्पेलिंगच्या शक्य तितक्या रूपांसह, १८३० ते १८५० हा काळ, आणि वस्तीच्या हक्काची जबानी, परत पाठवणीचा हुकूम व ओव्हरसीअरचा हिशेब हे तीनच प्रकार मागा. त्याआधी डॉर्सेटच्या ऑनलाइन पॅरिश क्लार्क मंडळींचे पान उघडून पाहा. एकेक पॅरिश दत्तक घेऊन तिथल्या नोंदी उतरवणारे हे स्वयंसेवक आहेत, आणि तुमच्या दोन पॅरिशांपैकी एखाद्याला असा क्लार्क असेल तर त्यालाच पहिले पत्र लिहा. गावातली आडनावे त्याला तोंडपाठ असतात.